कागद बरोबर, रोप आजारी: लिंबूवर्गीय रोपवाटिकेत या चुका टाळा

परवाना आहे, जाळी आहे, तपासणीचा शिक्काही आहे. तरी दोन-तीन वर्षांनी बागेतली झाडं पिवळी पडू लागतात. बागवाला रोपवाटिकेला बोल लावतो, रोपवाटिकावाला हवामानाला. चूक बहुतेक वेळा रोप विकण्याच्या कितीतरी आधी, डोळा भरला, म्हणजे निवडलेल्या झाडाची कळी खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) बांधून कलम केलं, त्या दिवशीच झालेली असते. नियम मात्र रोप गाडीत चढताना तपासतात.

पान बघून डोळकाडी कापणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मातृवृक्ष, म्हणजे ज्यावरून डोळे घ्यायचे ते झाड, हिरवागार आहे, फळांनी लगडलेला आहे, एवढं बघून डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली फांदी, घेतली जाते. झाडं पिवळी पाडणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि लक्षणं दिसायला काही महिने, कधी काही वर्षं लागतात. तेवढ्या काळात एका झाडावरून शेकडो डोळे निघून गेलेले असतात. हा रोग कलमातून पसरतो हे चीनमध्ये लिन कुंग-श्यांग यांनी 1956 साली दाखवून दिलं. तोवर त्याचा दोष पाणथळ जमिनीला आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेला दिला जाई.

ती गल्लत आजही होते. जस्त कमी पडलं तर पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो, डावीकडे एक तऱ्हा तर उजवीकडे दुसरी. ही खूण उपयोगी आहे, पण ती फक्त आजारी झाड ओळखायला. झाड निरोगी आहे हे पान बघून कुणालाही सांगता येत नाही.

मग पीसीआर, म्हणजे रोगजंतूचा डीएनए शोधणारी चाचणी करून घेतात आणि तिथे दुसरी चूक होते. जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एकाच फांदीचं पान पाठवलं तर अहवाल निर्दोष येतो आणि शेजारच्या फांदीत रोग असतो. नमुना चारही बाजूंनी घ्या आणि चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करा. मातृवृक्ष उघड्यावर असेल तर अहवाल फक्त नमुना घेतल्या दिवसापुरता खरा. दुसऱ्या दिवशी त्यावर सायला, म्हणजे ग्रीनिंग पसरवणारी बारीक कीड, बसली की तो कागद शिळा झाला. ट्रिस्टेझा या विषाणूरोगाचंही तसंच, फक्त तो मावा या किडीमुळे पसरतो. त्याच्या तपासणीसाठी कागदी लिंबाचं रोप दर्शक म्हणून वापरतात, कारण मोठ्या झाडात दबून राहिलेला विषाणू त्याच्या पानांच्या शिरांवर दिसू लागतो.

म्हणून मातृवृक्षालाही जाळीघर हवं. मला विचाराल तर पहिली जाळी त्यालाच, रोपांना नंतर.

चाकू ज्योतीवरून फिरवला की झालं, असं मानणे

चाकूवाटे पसरणारा एक्सोकॉर्टिस हा व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक, उष्णतेला दाद देत नाही. ज्योत किंवा स्पिरिट यांवर त्याच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. पाण्यात मिसळलेलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याला निकामी करतं. फक्त चाकू गंजतो, म्हणून कारागीर ते टाळतात. नंतर धुऊन तेलाचा हात फिरवला की पातं टिकतं. संत्र्या-मोसंबीच्या फांदीवर हा रोग काही दाखवत नाही. ट्रायफोलिएट (तीन पर्णिकांच्या पानांचं संत्रं) जातीच्या खुंटावर कलम केलं असेल तर काही वर्षांनी खुंटाची साल तडकून सुटते आणि झाड खुरटतं. एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना चाकू बुडवलाच पाहिजे.

जाळी आहे, पण दार?

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने 2003 पासून लिंबूवर्गीय रोपं उघड्यावर वाढवायला बंदी घातली. आधी नियम जाचक वाटला. पण 2004 मध्ये तिथे ग्रीनिंग सापडला, तेव्हा रोपवाटिका जाळीत गेलेल्या होत्या.

सावलीची शेडनेट म्हणजे कीटकरोधक जाळी नव्हे. सायला जेमतेम 3-4 मिलिमीटरची असते आणि अंडी फक्त कोवळ्या नवतीवर घालते. रोपवाटिकेत तर बारा महिने नवती, त्यामुळे आत शिरलेल्या एका मादीला दुसरीकडे जायची गरजच उरत नाही. एकच दार असेल तर ती माणसाबरोबर आत येते. मध्ये जागा सोडून दोन दारं ठेवा, दोन्ही एकदम उघडू नका आणि बागेत काम करून आलेल्या माणसाला कपडे बदलल्याशिवाय आत घेऊ नका. फाटलेली जाळी त्याच दिवशी शिवा.

खैऱ्या (कँकर) या जिवाणूजन्य रोगाला मात्र जाळी अडवत नाही. त्याचा जिवाणू वाऱ्या-पावसाच्या तुषारांबरोबर, ओल्या हातांबरोबर, कात्रीबरोबर फिरतो. त्याला वरून छप्पर हवं. पानं ओली असताना रोपांना हात लावू नका.

"हे लिंबू नाही" म्हणून सोडून देणे

कामिनीचं शोभेचं झाड लिंबाच्याच कुळातलं, आणि सायलेला ते फार आवडतं. फ्लोरिडात 1998 मध्ये सायला सापडली. विक्रीसाठी ठिकठिकाणी जाणाऱ्या कामिनीच्या रोपांवर बसून ती राज्यभर पोहोचली आणि 2005 मध्ये ग्रीनिंग उघड झाला. कढीपत्त्यावरही ती वाढते. नियमाच्या यादीत ही दोन झाडं नसतील तर लिंबाच्या रोपांवरचे शिक्के कितीही वाढवा, उपयोग नाही. जाळीघराच्या कडेला हौसेने कामिनीचं कुंपण लावणारे असतात, ते आधी काढा.

मुळाकडे न बघणे

मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. तळ्यातलं पाणी तसंच देणं आणि पिशव्या जमिनीवर टेकवणं, दोन्ही टाळा. बुरशीनाशक देऊन रोप टवटवीत दिसतं, पण मेटालॅक्झिलसारखं औषध बुरशीला दाबून ठेवतं, मारून टाकत नाही. बागेत औषधाचा असर ओसरला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, दिसतो. तपासणीच्या तोंडावर औषध दिलेल्या रोपांचा अहवाल फारसा काही सांगत नाही.

आजारी रोप उपटून गप्प बसणे

एक रोप सापडलं की ते जाळून टाकायचं आणि बाकीची विकायची, ही सवय रोग गावोगाव पोहोचवते. ते रोप कुठल्या मातृवृक्षाचं, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातून बांधलं, त्याच दिवसाची बाकी रोपं कुठे गेली, हे नोंदवहीत सापडलं पाहिजे. नोंद नसेल तर सगळाच साठा संशयित धरावा लागतो. इथे नियम करणारेही चुकतात. कळवणाऱ्याला नुकसानभरपाई नाही आणि वर परवानाही जाणार, असं असेल तर रोपवाटिकावाला रात्रीच रोपं हलवतो. कळवल्यावर विक्री थांबली तरी निदान नव्या स्वच्छ डोळकाड्या आधी त्याला मिळतील, एवढं तरी नियमात लिहिलेलं हवं.