शिकारीआधी रायफलचा ग्रुप फाटतोय? नळीला दोष देण्याआधी या चुका टाळा

मोसम तोंडावर आला की रेंजवर एकच वाक्य ऐकू येतं: "बॅरल गेलं." गेल्या वर्षी १०० मीटरवर ३ सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या गोळ्या आता तळहाताएवढ्या पसरतात आणि माणूस सगळं खापर नळीवर फोडतो. नळी अशी एका मोसमात निकामी होत नाही. ती हळूहळू झिजते आणि ग्रुपही, म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांचा पुंजकाही, हळूहळू मोठा होत जातो. अचानक बिघडलेला ग्रुप म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल झालंय, बदललंय किंवा माणसाला घाई झालीय. नळीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

काहीही तपासण्याआधी रायफल रिकामी करा. बोल्ट बाहेर काढा आणि चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा.

दिसतात तेवढेच स्क्रू तपासणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओळखीतला एक तरुण शिकारीच्या आदल्या आठवड्यात रायफल घेऊन आला. "काका, नवीन बॅरल बसवायला किती दिवस लागतील?" हा त्याचा पहिला प्रश्न. तोवर त्याने काडतुसांचे दोन वेगवेगळे ब्रँड आणून झाडले होते, ब्रश घालून नळी घासली होती, कुणाच्या तरी सल्ल्याने ट्रिगरही हलका करून घेतला होता. स्क्रू बघितलेस का, असं विचारलं तर म्हणाला, "हो, सगळे घट्ट आहेत."

स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, रिंगचे स्क्रू घट्ट होते, ते खरं. पण रिंग ज्या बेसवर बसते त्या बेसचे स्क्रू स्कोपखाली झाकलेले असतात. स्कोप उतरवला तर पुढच्या बेसचा स्क्रू बोटाने फिरत होता. दोन रिंगांमधलं अंतर साधारण १२-१३ सेंटिमीटर असतं. त्यात एक टोक ०.१ मिलिमीटर सरकलं, तरी १०० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटरच्या आसपास भरकटते. प्रत्येक झटक्याला बेस थोडा हलत होता आणि बिचाऱ्या नळीला शिव्या बसत होत्या.

बेसखालचं तेल पुसलं, स्क्रूचे आटे स्पिरिटने साफ केले, स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या सौम्य थ्रेड लॉकरचा एक थेंब लावला आणि ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने बसवलं. रायफल पुन्हा पहिल्यासारखी मारू लागली. ट्रिगर मात्र पूर्ववत करून घ्यावा लागला, कारण तो धोका व्हावा इतका हलका झाला होता.

तेव्हा स्कोप उतरवायचा आळस करू नका. बेस, रिंग आणि रायफलचा धातूचा भाग दस्त्याला धरून ठेवणारे ॲक्शन स्क्रू, हे सगळे बघा. "हाताच्या अंदाजाने" आवळणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रिंगच्या छोट्या स्क्रूंना बहुतेक उत्पादक १५ ते २० इंच-पौंड (आवळण्याच्या जोराचं माप) सांगतात. त्याहून जास्त आवळलं की स्कोपची नळी दबते. ॲक्शन स्क्रूंचा आकडा रायफलप्रमाणे बदलतो, तो पुस्तिकेतूनच घ्या.

तापलेल्या नळीच्या मागे क्लिक फिरवत बसणं

नवशिक्यांची ही आवडती घाई. एक गोळी उजवीकडे गेली की स्कोपचा नेम सरकवणारी कळ तीन क्लिक डावीकडे, पुढची खाली गेली की चार क्लिक वर. तुमच्या रायफलचा स्वाभाविक पसारा ४ सेंटिमीटर असेल, तर मध्यापासून २ सेंटिमीटरवर पडलेली एक गोळी काहीच सांगत नाही. तिच्यावर विश्वास ठेवून स्कोप फिरवलात, तर एरवीही डावीकडे पडणारी पुढची गोळी आणखी डावीकडे जाईल. निदान पाच गोळ्या स्कोपला हात न लावता मारा, त्यांचा मध्य काढा आणि मग एकदाच फिरवा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, तेव्हा हिशेब कागदावर करा.

त्यात शिकारीच्या रायफलची नळी बारीक. भराभर गोळ्या मारल्या की ती तापते आणि छिद्रं एकाच दिशेला सरकत जातात. तसं दिसलं तर नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. नळी फ्री-फ्लोट, म्हणजे दस्त्याला कुठेही न टेकणारी, असेल तर पट्टी अडायला नको. लाकडी दस्ता दमट हवेत फुगूनही नळीला टेकतो. मी तीन गोळ्यांनंतर थांबतो आणि नळी हातात आरामात धरता येईपर्यंत पुढची भरत नाही. कंटाळा येणार असेल तर रेंजवर येऊच नका.

शिकारीत पहिलीच गोळी खरी, आणि ती थंड नळीतून जाते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी सकाळी थंड नळीतून एकेक गोळी एकाच कागदावर मारायची, ही माझी सवय. मला तोच ग्रुप खरा वाटतो.

साफसफाईचा अतिरेक

नळीच्या तोंडातून रॉड घालू नका. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूला झिजली की गोळी बाहेर पडतानाच ढकलली जाते. मागून, रॉड सरळ ठेवणारा बोअर गाइड लावून साफ करा. ग्रुप खरंच हळूहळू बिघडला असेल तर नळीत गोळ्यांच्या आवरणातल्या तांब्याचा थर साचलेला असू शकतो. तांबं काढणारं सॉल्व्हंट लावा आणि पॅच निळा-हिरवा यायचा थांबेपर्यंत पुसा. पण निघायच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करून तेल लावून ठेवू नका. स्वच्छ, तेलकट नळीची पहिली गोळी अनेकदा भलतीकडे जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात. झीरो, म्हणजे स्कोपची जुळवणी, एका काडतुसावर आणि शिकारीला दुसरं, असं करू नका. गोळीचं वजनच काय, लॉट बदलला तरी मार सरकू शकतो. कागदावर लांबट छिद्रं दिसली तर गोळी स्थिर होत नाहीये. .२२३ कॅलिबरमध्ये आतल्या खाचांचा १२ इंचांत एक फेरा असलेल्या नळीला लांब, जड गोळ्या झेपत नाहीत. सँडबॅगवर दस्ता टेकवा, नळी कधीच नाही. धक्क्याला घाबरून झटका देता का, हे बघायला मित्राला मधूनच डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भरायला सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

एवढं करून आणि दुसरा खात्रीचा स्कोप लावूनही ग्रुप जमत नसेल, तर मात्र नळी बघा. क्राउनवर कापूस फिरवा. धागे अडकले तर तिथे खडबडीत कड आहे, ती गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा) काढून देईल. तेवढा वेळ नसेल तर दुसरी रायफल न्या किंवा अंतर कमी करा. हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर रुंद असतो. १०० मीटरवर १० सेंटिमीटर पसरणारी रायफल २०० मीटरवर तो सगळा भाग व्यापते आणि तुमच्या हाताची थरथर, वारा, धाप यांना जागाच उरत नाही. अशा रायफलने १०० मीटरपलीकडे चाप ओढू नका. जखमी जनावर झाडीत तडफडत मरतं, त्याला तुमच्या सबबी कळत नाहीत.