सरकी फेकायची नसते: क्लाउडच्या लॉगमधून कामाचं वेचताना

माझे वडील धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघायचे. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या लागल्या की मी त्यांचा डबा घेऊन जायची. गाडी आत घेण्याआधी एक जण कापसात कोपरापर्यंत हात घालून ओलावा, कवडी, पाला बघायचा आणि तिथेच प्रत ठरायची. मग जिनमधून रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. वजनात रुई साधारण एक तृतीयांश, उरलेली बहुतेक सरकीच. पण सरकी कुणी फेकत नाही. तिचं तेल निघतं, ढेप गुरांना जाते. फक्त तिचा ढीग वेगळा असतो.

क्लाउड सुरक्षेच्या कामात मला सात वर्षं झाली. आधी पुण्यात, आता जळगावहून. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं-मुली विचारतात, "ताई, कोणतं टूल शिकू?" टूल नोकरीवर गेल्यावर दोन महिन्यांत हाताला बसतं. आधी शिकायचं ते हे, की लॉगमध्ये, म्हणजे संगणकांनी आपोआप लिहिलेल्या नोंदवहीत, येणाऱ्या नोंदींतलं काय डोळ्यांसमोर ठेवायचं, काय नुसतं साठवायचं आणि हे कुणी, कशाच्या आधारावर ठरवायचं.

नोंदी किती येतात याचा अंदाज घ्या. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर (क्लाउडवर), क्लाउडट्रेल ही सेवा कुणी कोणती आज्ञा दिली ते टिपते. त्यात दोन जाती आहेत. खातं बनवलं, परवानगी बदलली, मशीन सुरू केलं या व्यवस्थापनाच्या नोंदी. त्या मागचे ९० दिवस काहीही न करता बघायला मिळतात. दुसऱ्या डेटाच्या नोंदी, म्हणजे एस-थ्री या साठवणीच्या सेवेतली प्रत्येक फाइल कुणी उघडली वगैरे. त्या मुळात बंद असतात, चालू केल्या की पैसे पडतात. यांच्या जोडीला व्हीपीसी फ्लो लॉग, म्हणजे नेटवर्कवर झालेल्या ये-जा करण्याच्या नोंदी. कुठून कुठे किती बाइट गेले, परवानगी मिळाली की नाकारली, अशी साध्या रूपात १४ रकान्यांची एकेक ओळ. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही पत्त्यावर जगभरातून दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवत असतं, त्यामुळे नाकारलेल्या ओळींचा डोंगर होतो. नवा माणूस नेमका त्या डोंगरात अडकतो. लाल रंगात "रिजेक्ट" दिसलं की त्याला हल्ला वाटतो. अहो, नाकारलं म्हणजे कुलूप लागलेलं होतं! मी ते नुसतं साठवते. दार वाजवणाऱ्या त्याच पत्त्यावरून थोड्या वेळाने "अ‍ॅक्सेप्ट" आलं, तर मात्र खुर्ची पुढे ओढते.

साठवणुकीबद्दल एक पक्की गोष्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. म्हणून अलर्टमधून गाळणं आणि पुसून टाकणं यांत कधीच गल्लत करू नका. अलर्टच्या पडद्यावर नको असलेली नोंद स्वस्त साठवणीत जाते. चौकशीच्या वेळी सगळ्यात आधी तीच मागतात.

आता माझ्याकडून झालेली चूक. ती मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण तिचा त्रास दुसऱ्यांना झाला.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका ग्राहकाकडे बॅकअपसाठी एक सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचं खातं, होतं. त्याच्या परवानग्या नीट लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे रोज रात्री त्याच्या नावावर "अ‍ॅक्सेस डिनाइड"च्या शेकडो नोंदी यायच्या. रात्रपाळीतली सगळी मुलं वैतागली होती. मी नियम लिहिला: या अकाउंटचं काहीही आलं तरी अलर्ट नको. पडदा स्वच्छ झाला, शाबासकीही मिळाली. काही आठवड्यांनी त्या अकाउंटची अ‍ॅक्सेस की, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, कुणाच्या तरी कोडबरोबर उघड्यावर गेली. बाहेरच्या माणसाने आधी "गेट कॉलर आयडेंटिटी" ही आज्ञा दिली. चोरलेली किल्ली हातात आली की बहुतेकदा पहिली आज्ञा हीच असते. आपण कोण आहोत हे तिने कळतं आणि तिला कसलीही परवानगी लागत नाही. मग त्याने कुठे काय आहे ते चाचपलं. बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला. पण मशीन सुरू करायची परवानगी कुणीतरी सोयीसाठी देऊन ठेवली होती. ग्राहक कधीच वापरत नव्हता अशा रीजनमध्ये (दुसऱ्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये) मोठमोठी मशीन उभी राहिली. सहाव्या दिवशी बिलावरून कळलं. प्रत्येक पावलाची नोंद आमच्याकडे होती, अगदी सेकंदासकट. आणि माझ्या एका ओळीमुळे ती कुणालाही दिसली नव्हती.

नंतर मी नियम कसा लिहायला लागले ते सांगते. अकाउंट हेच, शिवाय आज्ञा हीच, शिवाय आलेली याच ठरलेल्या आयपी पत्त्यावरून, शिवाय निकाल नकाराचाच. चारही जुळलं तरच गप्प. एक जरी निसटलं तरी अलर्ट यायलाच हवा. त्या नियमाशेजारी कारण, मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि संपायची तारीख. माझी मुदत ३० दिवसांची असते. ३० दिवसांनी तोच गोंगाट पुन्हा आला, तर मी नियम वाढवण्याआधी ग्राहकाला फोन करते की बाबांनो, परवानगी दुरुस्त करा. अर्ध्याहून जास्त गोंगाट हा कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या कामाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. तो मुळाशी मिटवला की फिल्टर लागतच नाही.

एडब्ल्यूएसच्या गार्डड्युटीसारख्या, धोक्याची सूचना देणाऱ्या सेवेत "सप्रेशन रूल" लावताना हेच ध्यानात ठेवा. तिथे दाबलेली सूचना पुसली जात नाही, संग्रहात जाते आणि ९० दिवस राहते. पण ती पुढे इव्हेंटब्रिज या सूचना पुढे पाठवणाऱ्या सेवेकडे जातच नाही, म्हणजे तुमच्या कामाच्या तिकिटांपर्यंत पोचतच नाही.

प्राधान्य लावताना टूलने दिलेला "हाय", "मीडियम" हा शिक्का मी सुरुवातीचा अंदाज म्हणून घेते. टूलला तुमचं घर माहीत नसतं. टेस्टच्या खात्यातल्या "हाय"पेक्षा पगाराचा डेटाबेस असलेल्या खात्यातला "लो" मी आधी उघडीन. म्हणून नव्या ग्राहकाकडे माझा पहिला आठवडा लॉग बघण्यात जात नाही, माणसांशी बोलण्यात जातो. कोणती खाती पैशांशी जोडलेली आहेत, कोण कुठून काम करतं, रात्री आपोआप काय चालतं. हे वहीत आलं की निम्मी क्रमवारी लागलेली असते.

काही गोष्टींना मात्र मी क्रमवारीत घालतच नाही, त्या कधीही आल्या तरी उठायचं. रूट अकाउंटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याने, लॉगिन. क्लाउडट्रेलवर "स्टॉप लॉगिंग" किंवा "डिलीट ट्रेल". विंडोज सर्व्हरवर १००२ नव्हे, ११०२ हा क्रमांक, म्हणजे सुरक्षेचा लॉग कुणीतरी रिकामा केला. हे क्रमांक पाठ करताना माझ्याकडे शिकणारी मुलं फार घोटाळा करतात. तसंच ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, ढिगाने येतं आणि एकेकटं फारसं काही सांगत नाही. पण एकाच नावावर ४६२५ ची रांग आणि तिच्या शेवटी ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, दिसलं तर चहा तसाच ठेवा.

आणि जी नोंद यायला हवी होती ती न येणं. एखाद्या सर्व्हरकडून तासभर काहीच आलं नाही, तर पडदा सुंदर हिरवा दिसतो. प्रत्येक स्रोतासाठी "इतका वेळ गप्प राहिला तर कळव" असा नियम पहिल्याच दिवशी लावा.

वेळेचंही बघा. क्लाउडट्रेलमधली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. "पहाटे ०४:३० ला अ‍ॅडमिनने लॉगिन केलं" म्हणून एका नव्या मुलीने मला झोपेतून उठवलं होतं. त्यात साडेपाच तास मिळवा, सकाळचे दहा होतात. माणूस ऑफिसात येऊन बसला होता.

सरावाला कंपनीचे लॉग लागत नाहीत. स्कॉट पायपर यांनी त्यांच्या फ्लॉज डॉट क्लाउड या शिकण्यासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या खात्याचे क्लाउडट्रेल लॉग २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. जवळपास साडेतीन वर्षांच्या १९ लाखांवर नोंदी आहेत, डाउनलोड मात्र अडीचशे एमबीच्या आत. गावाकडच्या नेटवरही रात्रीतून उतरतं. साध्या लॅपटॉपवर पायथनने प्रत्येक आज्ञा किती वेळा आली ते मोजा. वरच्या दहा आज्ञा बघून घ्या आणि बाजूला ठेवा. मग यादी खालून वर वाचायला लागा, जिथे एखादी आज्ञा साडेतीन वर्षांत एकदाच आली आहे. ती कुणी दिली, कुठून दिली, त्याआधी त्याने काय केलं, एवढं एका पानावर लिहा आणि मुलाखतीला ते पान बरोबर न्या.