शेपटी काय काम करते? लहान मुलांना गोठ्यापासून दाखवायची रीत

चार ते सात वर्षांच्या मुलांना शेपटी शिकवायची तर चित्रांचं पुस्तक मागाहून उघडा, आधी गोठा गाठा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही गावात म्हैस, कुत्रं, मांजर आणि भिंतीवरची पाल सहज सापडते. निम्मा धडा तिथंच होतो. एका वेळी चार-पाच मुलं न्या. अर्धा तास पुरे.

आपल्याकडे घोळक्यात एखादं कन्नड बोलणारं मूल असतंच. कन्नडमध्ये शेपटीला ‘बाल’ म्हणतात. ‘बालवाडी’ ऐकून ते खुदकन हसलं तर रागावू नका, तिथूनच सुरुवात करा.

१. म्हशीचे फटके मोजा

पावसाळ्यात माशा भरपूर, तेव्हा हे उत्तम जमतं. थंडीत पहाटे गेलात तर शेपटी नुसती लोंबत राहील आणि मुलं कंटाळतील. मागे कुणाला उभं करू नका. लाथ बाजूलाही बसते. बांधलेल्या म्हशीपासून आठ-दहा फुटांवर, पुढून तिरकं थांबवा. मोबाइलवर एक मिनिट लावून शेपटीचे फटके मोजायला सांगा. मग कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा आणि पुन्हा मोजा. माशा पांगल्या की आकडा उतरतो, आणि शेपटी कशासाठी हे मुलंच सांगतात.

आता विचारा, शेपटी कुठवर पोचते? मांड्यांवर, कुशीवर. मग मानेवर माशी बसली तर? बघत राहा: ती कान फडफडवते, मान झटकते, तेवढीच कातडी थरथरवते.

एखादं मूल शेपूट ओढायला जाईलच. शेपटीत मणके असतात, ती पाठीच्या कण्याचंच टोक आहे, म्हणून ओढली की दुखतं. हे पटवायला मुलांना स्वतःच्या कण्याच्या खालच्या टोकाला बोट लावू द्या. त्या हाडाला आपण माकडहाड म्हणतो, हे ऐकून सगळी खूश होतात.

२. कुत्र्याची आणि मांजराची शेपटी वाचा

हा भाग घाईत उरकू नका, कारण चावा यातूनच टळतो. ‘शेपूट हलली म्हणजे लाडात आलंय’ हे मोठी माणसंच चुकीचं शिकवतात. कुत्र्याची शेपटी सैल, कंबरेसकट डुलत असेल तर ते बहुधा खुशीत असतं. ताठ, उंच धरून भराभर हलत असेल तर ते सावध आहे, लांब राहा. पायांत घातली असेल तर घाबरलंय, आणि घाबरलेलं कुत्रंही चावतं. मांजराचं वेगळं: शेपटी उभी करून आलं तर भेटायला आलं, सपासप आपटत असेल तर हात मागे घ्या, आणि फुलवली असेल तर ते भ्यालंय.

३. तोल करून बघा

मुलांना हात पाठीमागे धरून एका पायावर उभं करा, आकडे मोजा. मग हात पसरून पुन्हा. पसरलेल्या हातांचं काम वानराची शेपटी करते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात वानरं उड्या मारताना दिसतात, त्यांची शेपटी अंगापेक्षा लांब असते. चित्रांत माकडं शेपटीनं फांदीला लोंबकळतात, ती दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडच्या माकडांना ते जमत नाही.

४. पाल

दाखवण्यासाठी पालीला काठीनं डिवचू नका. शेपूट तुटलीच तर सुटा तुकडा काही मिनिटं वळवळतो, शत्रू त्यात गुंततो आणि पाल निसटते. शेपटी परत येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चा असते. रंगही वेगळा दिसतो. भिंतीवर अशी पाल शोधायला लावा.

५. मासा आणि मोर

मासा काचेच्या बरणीत बघा: शेपटी डावी-उजवी मारून पाणी ढकलतो. मोराचा पिसारा मात्र शेपटी नव्हे, शेपटीच्या मुळावरची लांब पिसं. खरी शेपटी आखूड असते आणि उभारलेल्या पिसाऱ्याला मागून टेकू देते. म्हणून नाचणारा मोर दिसला तर मुलांना त्याची पाठही बघू द्या.