बुडी मारण्याआधी भराभर श्वास? श्वासाच्या या चुका टाळा

मे महिन्यात डिचोली-सत्तरीकडच्या तळ्यांवर पोरांची एक पैज ठरलेली असते: पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? उडी घेण्याआधी काठावर पंधरा-वीस श्वास भराभर घ्यायचे, म्हणजे म्हणे छातीत हवा साठून राहते. लहानपणी आम्हीही हेच करायचो. आता मुलांना पोहायला शिकवताना मी पहिल्याच दिवशी ही सवय मोडतो, कारण तिच्यापायी पट्टीचे पोहणारेही बुडतात.

निरोगी माणसाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता साध्या श्वासावरही 97-98 टक्के भरलेली असते. भराभर श्वासांनी त्यात जेमतेम भर पडते. झपाट्याने उतरतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि पाण्याखाली जीव कासावीस होतो, वर यावंसं वाटतं, ते मुख्यतः तो वाढल्यामुळे. तोच आधी घालवून बसलं, तर ऑक्सिजन संपत आला तरी कासावीस होत नाही, सरळ शुद्ध हरपते. ना धडपड, ना हाक. काठावरच्यांना वाटतं, पोरगा अजून टिकून आहे! कपालभाती, भस्त्रिका करून लगेच बुडी मारण्यातही हाच धोका आहे. ते घरी चटईवर करा. पाण्यात उतरताना एक-दोन साधे श्वास पुरेत. पैज नको, आणि काठावर एकाची नजर सतत हवी. बेशुद्ध मुलाला बाहेर काढलंत तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

जमिनीवरही असंच फसायला होतं. उत्सवातल्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेला पोरगा विंगेत धापा टाकू लागतो. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, चक्कर. सगळे सांगतात, "मोठमोठे श्वास घे." त्याने त्रास वाढतोच, कारण कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्याला बसवा, जवळ राहा. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं काही मिनिटं त्याच्याबरोबर तुम्हीही करा.

तोंडाला कागदी पिशवी मात्र लावू नका. तो दम्याचा किंवा हृदयविकाराचा झटका असला, तर आधीच कमी पडणारा ऑक्सिजन आणखी कमी होतो. छातीत दुखत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर मोजत बसू नका, 108 लावा.