आधी टाकी गळ्यापर्यंत भरा, मग ॲव्हरेज काढा

चाकणमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी फ्लीटला, म्हणजे गाड्यांचा ताफा सांभाळायला लागलो तेव्हा कामाचं वर्णन एका ओळीत संपलं होतं: डिझेल कमी करा आणि कार्बन किती वाचला ते दर महिन्याला लिहून द्या. दुसरा भाग गिऱ्हाइकांमुळे आला होता. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला, तेव्हापासून मोठी गिऱ्हाइकं माल वाहणाऱ्यांकडेही उत्सर्जनाचे आकडे मागू लागली.

हिशेब सोपा आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला १०,००० किलोमीटर पळणारी गाडी लिटरमागे ३.५ ऐवजी ३.७ किलोमीटर देऊ लागली तर दीडशेच्या वर लिटर वाचतं, म्हणजे चारशे किलोंहून जास्त कार्बन. हे गणित बघून नवा माणूस लगेच एक्सेल उघडतो. मीही उघडलं आणि तिथेच माती खाल्ली.

पहिल्याच महिन्यात ड्रायव्हरांच्या ॲव्हरेजची यादी काढून गेटजवळ लावली. वर सोलापूर लाइनचा एक पोरगा, ४.२. तळाला पन्नाशी ओलांडलेले एक काका, २.६. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, एक ट्रिप मारा माझ्याबरोबर. मग काय लावायचं ते लावा."

गेलो. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत तीन तास गेले. दर दोन-चार मिनिटांनी गाडी थोडी सरकणार, म्हणून इंजिन चालूच. उभ्या ट्रेलरलाही तासाला दोनेक लिटर लागतं. मग आयातीचा भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट. खालच्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या जरा पुढे अशा वेगाने. सोलापूरचा पोरगा सपाट रस्त्यावर निम्म्या वजनाने पळतो. माझ्या एक्सेलमध्ये ना घाट होता, ना टनेज, ना रांग.

परत येताना पंपावर आणखी एक गोष्ट कळली. नोझल बंद पडली की मला वाटायचं टाकी फुल झाली. काकांनी पंपावरच्या पोराला थांबवलं, "फेस बसू दे, गळ्यापर्यंत भर." फेस बसल्यावर आणखी बरंच डिझेल गेलं. म्हणजे आमचं निम्मं ॲव्हरेज नोझलच्या पहिल्या टकवर ठरत होतं! तेव्हा नवीन असाल तर हे आधी करा: एकच पंप, सपाट जागा, टाकी गळ्यापर्यंत, मीटरचं रीडिंग स्वतःच्या डोळ्यांनी. असे तीन-चार भराव झाल्याशिवाय कुणालाही आकडा सांगू नका.

काकांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. उतार लागला की गाडी न्यूट्रलला. "डिझेल वाचतं," हे त्यांना उस्तादाने शिकवलेलं. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात उलटं होतं: गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन नुसतं चालू राहायलाही डिझेल पितं. शिवाय इंजिनाचा आधार सुटून सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. मी काकांना फोनवर टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीतल्या यंत्राने पाठवलेल्या माहितीचा ग्राफ दाखवला. खंडाळ्याहून उतरताना गिअरमध्ये ठेवलेल्या एका गाडीची डिझेलची रेघ शून्याला टेकलेली होती. त्यांनी फोन हातात घेऊन दोन बोटांनी ती रेघ मोठी करून बघितली, मग नुसतं "हं" म्हणाले.

बाकी गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पण चालतात. टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना तपासा. बीएस-६ गाडीत रिजनरेशनचा, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचा दिवा लागला की ते पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर टाळत राहिला तर फिल्टर तुंबतो आणि ॲव्हरेजही पडतं. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या द्रावणात पाणी मिसळणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात युरिया ३२.५ टक्केच हवा, नाहीतर कार्बनचा आकडा छान दिसेल आणि नायट्रोजन ऑक्साइड तसेच हवेत जातील. "ॲव्हरेज वाढतं" म्हणत डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक विकणारा माणूस तुमच्याकडेही येईल. त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

आणि अहवाल नुसत्या ॲव्हरेजवर कधीच लिहू नका. सगळ्यात सुंदर ॲव्हरेज रिकामी गाडी देते! टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती कार्बन, असं मांडलं की रिकाम्या परतीच्या फेऱ्या लगेच डोळ्यांत खुपतात. आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक रिटर्न भाड्यानेच पडला, आणि ते काम ड्रायव्हरचं नव्हे, ऑफिसात बसून गाड्यांना भाडं जुळवणाऱ्या ट्रॅफिकवाल्यांचं होतं.

गेटजवळचा बोर्ड अजून आहे. त्यावर आता ड्रायव्हरांची नावं नसतात. कुठल्या गिऱ्हाइकाच्या गेटवर आपली गाडी किती तास उभी राहिली, ते असतं. काका ट्रिपवरून आले की आधी तो वाचतात, मग चहाला जातात.