स्वतःचा चेहरा काढताय? या चुका टाळा

चित्रकला शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी लवकरात लवकर आरशासमोर बसवते. मॉडेल फुकट मिळतं, वेळ पाळतं. फक्त इतकं नाराज मॉडेल दुसरं सापडणार नाही. बसण्याआधीच प्रत्येकाने आपल्या चेहऱ्यातल्या दोषांची यादी तयार ठेवलेली असते: नाक वाकडं, हनुवटी आत गेलेली, एक डोळा बारका. मग कागदावर त्या यादीची दुरुस्ती सुरू होते आणि चेहरा बाजूलाच राहतो.

मला सगळ्यांत छळणारी चूक म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या करणं. एक भुवई किंचित वर, एक नाकपुडी मोठी, जिवणीचं एक टोक खाली, हे सगळ्यांचंच असतं. एका मुलाचं नाक लहानपणी पडल्यामुळे जरा डावीकडे वळलेलं होतं. पठ्ठ्याने चेहऱ्याची ‘चांगली’ बाजू काढली, ट्रेसिंग पेपरवर उतरवली, पेपर उलटा केला आणि दुसरी बाजू तश्शीच छापली. वर मला सांगतो, वेळ वाचला! डोळे सुबक, ओठ सुबक, शेडिंग गुळगुळीत. वर्गात एकालाही तो कोण ते ओळखता आलं नाही.

पुढच्या वेळी मी त्याला पूर्ण चेहरा काढूच दिला नाही. दिवा एका बाजूने, जरा वरून लावला आणि म्हटलं, फक्त नाक काढ, तेही बाह्यरेषा न काढता, नुसत्या सावलीने. कागदभर नाकंच नाकं. आधी वैतागला. मग हळूहळू दिसायला लागलं, की नाकाचा दांडा जिथे वळतो तिथेच सावलीची कड मोडते, आणि शेंड्याखालची सावली ओठाच्या मधोमध न पडता बाजूला सरकते. ते वळण बरोबर साधल्यावर पुढच्या चित्रात ओठ कुठे बसवायचे हा प्रश्नच उरला नाही. हल्ली तो आपल्या नाकाबद्दल कोनांच्या भाषेत बोलतो. लाजत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच होते. खुपणाऱ्या भागाकडे नजर सारखी जाते आणि हात तो भाग वाढवून ठेवतो. मग कान सुपाएवढे, कपाळ मैदानाएवढं. इथे धीर देऊन काही होत नाही, मोजावं लागतं. मी एक डोळा मिटून आरशाच्या काचेवरच स्केचपेनने खुणा करते: डोक्याचा माथा, डोळ्यांची रेघ, नाकाचा तळ, हनुवटी. काचेवर चेहरा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा भरतो, हे बघून नवखे हमखास दचकतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिके ते वर चढवतात आणि मग कपाळाला नावं ठेवतात. डोकं हललं तर याच खुणांवर परत आणता येतं, हा वरचा फायदा.

सेल्फीवरून चित्र काढू नका. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातलं गणित असं, की सुमारे 30 सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे ज्या नाकावर तुम्ही रुसलात, त्यातला बराच भाग कॅमेऱ्याच्या अंतराचा आहे. फिल्टर लावलेल्या फोटोबद्दल मी बोलतच नाही.

आरसाही डावं-उजवं उलटं दाखवतो. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1889 मध्ये काढलेल्या स्वचित्रांत पट्टी उजव्या कानावर दिसते, जखम मात्र डाव्या कानाला होती. आपल्याला स्वतःचं आरशातलं रूप जास्त आवडतं आणि मित्रांना सरळ फोटोतलं, असं 1977 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. तेव्हा ‘फोटोत मी विचित्र दिसते’ ही तक्रार सवयीची आहे, चेहऱ्याची नाही.

सुरकुत्या रेघा मारून काढू नका. तिशीतला माणूस सत्तरीचा होतो. तिथे उजेड-सावलीची उतरण असते, तेवढीच दाखवा. तीळ आणि व्रण शेवटी ‘घालायचे’ म्हणून मागे ठेवू नका. ते सुरुवातीलाच मांडा, मापं घ्यायला त्यांच्याइतक्या पक्क्या खुणा दुसऱ्या नाहीत. केस पुढे ओढून गाल झाकू नका. आणि हसू नका, हसू दहा मिनिटंही टिकत नाही.

एका बैठकीत चित्र ‘आलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांना मी जुना डच चित्रकार रेम्ब्रांट याच्याबद्दल सांगते. चित्रं, एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) आणि रेखाटनं धरून त्याने स्वतःचा चेहरा सुमारे 80 वेळा काढला आणि आपलं जाडसर नाक कधी बारीक केलं नाही. तुम्हाला पहिल्याच रविवारी समाधान हवं असेल, तर बाटली आणि पेला काढायला घ्या.

चित्र अर्धवट असताना घरच्यांना ‘माझ्यासारखं दिसतंय का?’ विचारायला जाऊ नका. ते मन राखतील नाहीतर हसतील, आणि दोन डोळ्यांमधलं अंतर चुकलंय का ते दोन्हींतून कळत नाही. त्यापेक्षा चित्र उलटं धरून आरशात बघा.