नदीकाठी आर्ट प्रोजेक्ट करायचाय? आधी पाण्यापर्यंत जायची वाट शोधा

बऱ्याच शहरांत नदी म्हणजे पुलावरून जाताना दहा सेकंद दिसणारं पाणी, बस. तो तुटलेला संबंध कलेने जोडता येतो, पण काठावरच्या भिंतीवर मासे नि कमळं रंगवून नाही. चित्र रस्त्यावरून दिसत असेल तर माणूस रस्त्यावरूनच बघून जाणार ना, खाली कशाला उतरेल?

म्हणून सुरुवात चालण्याने करा. एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा निवडा आणि तिथे सकाळी जा, रात्री जा, पाणी आटलेलं असताना जा, पुराच्या वेळी लांबून बघा. पायऱ्या कुठे आहेत, गेटला कुलूप कुठे आहे, राडारोडा कुठे टाकलाय, सांडपाणी कुठून येतं, सगळं नकाशावर मांडा आणि काठावरच्या जुन्या लोकांना विचारा की पाणी कुठवर चढलं होतं, पोहायला कुठे उतरायचे, कुठला ओढा बुजवला. तुमच्या कामाचा विषय बहुतेक याच गप्पांत सापडेल.

मग नदीकडेच काय आहे ते वापरा. रोममधे विल्यम केंट्रिज या चित्रकाराने २०१६ मधे टायबर नदीच्या काठच्या भिंतीवर सुमारे ५०० मीटर लांब चित्रमालिका केली, त्यात रंगाचा थेंब नाही. भिंतीवर वर्षानुवर्षं साचलेला काळा थर होता, स्टेन्सिल लावून आजूबाजूचा थर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला आणि जो उरला त्याच्या ८० पेक्षा जास्त भव्य आकृत्या झाल्या. थर पुन्हा चढतो तशा त्या पुसट होत जातात, आणि मला तर हेच सगळ्यात आवडतं.

बजेट कमी असेल तर पूररेषा आखा, खरंच. न्यूयॉर्कमधे ईव्ह मोशर या कलाकार बाईने २००७ मधे मैदान आखायचं मशीन ढकलत समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची खडूची रेषा रस्त्यांवर काढली, लोक थांबून विचारायचे हे काय चाललंय आणि तिथेच पाण्याबद्दल बोलणं सुरू व्हायचं. ते बोलणं म्हणजेच काम, त्यामुळे रेषा काढताना घाई करू नका.

लोकांना खाली आणायचं असेल तर रात्रीचा कार्यक्रम चांगला चालतो. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात रस्ते नि रेल्वेखाली झाकलेल्या नद्या मोकळ्या केल्या गेल्या आणि १९९४ मधे बार्नबी इव्हान्स या कलाकाराने तिथे पाण्यावर लोखंडी शेगड्या पेटवल्या. ते पुढे वॉटरफायर म्हणून पुन्हा पुन्हा होत राहिलं, बोटीतून लाकडं घालणारे स्वयंसेवक शहरातलेच.

परवानग्यांना वेळ ठेवा. पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचं, पूल तिसऱ्याचं असं असू शकतं, सगळं लेखी घ्या. पात्रात काही उभं करणार असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, पुरात वाहून पुलाला अडकलं तर पाणी तुंबतं. रंग किंवा ते धुतलेलं पाणी नदीत जाऊ देऊ नका, आणि दिवे रात्रभर पाण्यावर मारू नका, मासे, वटवाघळं, किडे सगळ्यांना त्रास होतो.

पाणी घाण असेल तर ते झाकणारं काम करू नका प्लीज. चीनमधल्या चेंगडू शहरात बेट्सी डेमन या कलाकार बाईच्या कल्पनेतून १९९८ मधे एक बाग झाली, तिथे नदीचं पाणी दगडी शिल्पांवरून खळखळत, पाणवनस्पतींच्या तळ्यांतून फिरत स्वच्छ होत जातं आणि लोकांना ते टप्प्याटप्प्याने बघता येतं. अख्खी नदी त्याने साफ होत नाही, पण पाणी कशाने साफ होतं हे डोळ्यांना दिसतं, मुलं त्यात हात घालतात.

देखभालीचे पैसे आणि माणूस आधीच ठरवा, उद्घाटनानंतर कुणी फोन उचलत नाही. मग तीन महिन्यांनी एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसा आणि पायऱ्या उतरून पाण्यापाशी किती जण येतात ते मोजा. सुरू करायच्या आधीही असंच मोजून ठेवा, म्हणजे फरक कळेल.